सैल क्रँक, तेच ते पंक्चर आणि नेलपेंटची रेघ : कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

## पार्श्वभूमी

रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका कुटुंबाचं हे प्रकरण. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. घरात पाच माणसं. आबांचं सगळं आयुष्य शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये फिटरचं काम करण्यात गेलं. त्यांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. सून घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. थोरली नात अकरावीत, धाकटा नातू सातवीत. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवत असे आणि आबांची ओळख त्या काळातली, त्यामुळे या घरात काय चाललंय ते जवळून पाहता आलं.

सायकली तीन. आबांची काळी २८ इंची. तिचा क्रँक, म्हणजे पायडल जिला लागतं ती दांडी, कॉटर पिनने, म्हणजे ठोकून बसवलेल्या पाचरीने, धरलेला. थोरलीची बिनगिअरची २६ इंची लेडीज सायकल. तिच्यावरून ती कॉलेजला आणि तिथून राजारामपुरीत क्लासला जाते. तिसरी गिअरची, अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकची. ही ओळखीच्या माणसाकडून वापरलेली घेतली होती. ती धाकट्याची म्हणून आली, पण सुट्टीच्या दिवशी थोरलीही तीच काढते.

घरात हत्यारांची वाण नव्हती. पाने, पकडी, एलन की, फुटाची स्टीलपट्टी, स्क्राइबर, सेंटर पंच, सगळं आबांच्या पेटीत. सायकलीकडे मात्र कोणी बसून पाहत नव्हतं. बिघडली की कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे न्यायची, तो दुरुस्त करून देई, आणि पुन्हा बिघडेपर्यंत विषय संपे.

## अडचण

तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही पुन्हा पुन्हा येणाऱ्या.

गिअरच्या सायकलीचा डावा क्रँक सैल व्हायचा. पायडल मारताना पाय खाली गेला की ‘कट्’ असा आवाज. मिस्त्री आवळून द्यायचा, पंधरा दिवस ठीक जायचे, परत कट्-कट् सुरू.

थोरलीच्या सायकलीचं मागचं चाक सारखं पंक्चर. पॅच मारला की काही दिवस हवा टिकायची. मग एखाद्या सकाळी चाक बसलेलं दिसायचं आणि क्लास बुडायचा.

तिसरी तक्रार सीटची. गिअरची सायकल दोघांत, उंची वेगवेगळी, त्यामुळे सीट सारखी वरखाली. धाकट्याने एकदा ताईसाठी म्हणून सीटची नळी इतकी वर ओढली, की आत जेमतेम चार बोटं राहिली. बहुतेक नळ्यांवर कमीत कमी किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ कंपनीने कोरलेली असते. ती रेघ पार वर आली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिन्हींत ही तक्रार सगळ्यात कमी त्रासाची होती आणि सगळ्यात धोक्याची. इतकी वर काढलेली नळी वाकते, कधी फ्रेमलाच तडा जातो.

प्रत्येक खेपेचा खर्च फार नव्हता. खरी अडचण अशी, की दर वेळी सुरुवात शून्यापासून व्हायची. मागच्या वेळी काय आवळलं, पंक्चर कुठे होतं, सीट किती वर होती, यातलं काहीच कुणाला सांगता येत नव्हतं. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर सैल क्रँक येतो, तो आवळतो. मागच्या महिन्यातही हाच क्रँक सैल होता हे त्याने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा कशी करायची?

एके संध्याकाळी धाकटा आबांना म्हणाला, “आबा, डावं पायडल परत ढिलं झालंय बघा.” आबांनी विचारलं, “ढिलं झालंय म्हंजे काय झालंय? बोल्ट फिरलाय, का क्रँक हलतोय, का आतली एक्सल हलतीया? ते बघून सांग आदी.” पोराला सांगता आलं नाही. आबांनाही नुसतं बघून सांगता आलं नाही, आणि ते त्यांना खटकलं. मशीन शॉपमध्ये महत्त्वाचा नट आवळून झाला की त्याच्यावर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक सलग रेघ ओढायची पद्धत असते. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. तीच पद्धत घरच्या सायकलींना लावायची असं तिथेच ठरलं.

## समोर असलेले पर्याय

मुलाचं म्हणणं होतं, गिअरची सायकल विकून टाकू, वापरलेल्या वस्तूची कटकट नको. पण थोरलीच्या सायकलीचं पंक्चर त्याने सुटणार नव्हतं, आणि सैल क्रँक दुसऱ्या कुणाच्या पोराच्या पायाखाली द्यायचा हे आबांना पटेना.

दुसरा मार्ग, दर महिन्याला तिन्ही सायकली मिस्त्रीकडे सर्व्हिसिंगला द्यायच्या. वाईट नव्हता, पण आवळाआवळीपलीकडे कारण सापडण्याची शाश्वती त्यात नव्हती.

तिसरा, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणारा पाना, आणायचा. चौकोनी टोकाच्या एक्सलवर (दोन्ही क्रँक जिच्या टोकांवर बसतात ती आतली दांडी) बसणारा क्रँक साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. हँडलच्या बोल्टना मात्र बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपासच लागतं, म्हणजे दोन्हींना एकच रेंच नीट पुरत नाही. आबांनी हिशेब सोपा केला. २५ सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला १६ किलोचा जोर दिला की जवळपास ४० न्यूटन-मीटर होतात. वजनकाट्यावर हात दाबून १६ किलो म्हणजे किती जोर याचा अंदाज घेता येतो. क्रँकसारख्या दणकट बोल्टला हा अंदाज चालतो. हँडलच्या बारीक बोल्टला असा अंदाज लावू नये. तिथे जोर जास्त झाला तर आटेच जातात.

चौथा मार्ग खुणांचा. लागणारं सामान घरातच होतं: सुनेचा शिवणाचा खडू, थोरलीचं नेलपेंट, एक चंदेरी मार्कर, इन्सुलेशन टेप, बॉलपेन.

## पहिला निर्णय : पंच की रंग

आबांचा हात सवयीने सेंटर पंचकडे गेला. त्यांच्या कामात बोल्टवर आणि शेजारी एकेक ठोका मारला की खूण कायमची. तेलाने पुसत नाही, पावसाने जात नाही. सीटच्या नळीवर स्क्राइबरने रेघ कोरायचाही त्यांचा विचार होता.

यावर आमची बरीच चर्चा झाली. मशीनच्या जाड बिडाच्या अंगावर पंचचा ठोका काही करत नाही. सायकलीची नळी पातळ असते, आणि अ‍ॅल्युमिनियमवर कोरलेल्या ओरखड्यापासून पुढे तडा सरकू शकतो. सीटची नळी, हँडल, पुढचं चाक धरणारा चिमटा आणि क्रँक हे माणसाचं वजन पेलणारे भाग, तिथे ओरखडासुद्धा नको. लोखंडी भागावर रंग खरवडला गेला की कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो. पेटीतले स्क्राइबर आणि पंच पेटीतच राहिले. जे पुसलं तर पुन्हा लावता येईल तेच वापरायचं ठरलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

कामाची वाटणीही झाली. जी खूण तासाभराने पुसायची ती खडूने. जी महिनोन्‌महिने राहायला हवी ती नेलपेंटने. काळ्या रबरावर चंदेरी मार्कर, कारण काळ्यावर निळं-काळं पेन दिसतच नाही. नेलपेंट प्लॅस्टिकवर लावायचं तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात ठिपका देऊन बघायचं, काही प्लॅस्टिकला त्यातल्या द्रावाने डाग पडतो.

## कुठे रेघ मारायची

पहिल्या दिवशी धाकट्याने हौसेने दिसेल त्या नटावर लाल रेघ मारली. मडगार्ड, घंटी, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, काहीच सोडलं नाही. सायकल देवीच्या ओटीसारखी नटली. पुढच्या आठवड्यात तपासायला बसला तेव्हा निम्म्या रेघांवरच कंटाळला, आणि कोणती रेघ महत्त्वाची हेही कळेना.

मग प्रश्न असा ठेवला: कोणता नट सुटला तर माणूस पडेल? तेवढ्यांवरच रेघ ठेवायची. उरल्या त्या अशा: दोन्ही क्रँकचे बोल्ट, हँडलच्या खालचा बोल्ट, पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे फ्रेमला लागणारे बोल्ट, दोन्ही चाकांचे नट. बाकीच्या पुसून टाकल्या.

रेघ मारायची रीतही पक्की झाली. आधी बोल्ट नीट आवळायचा, मग रेघ. उलटं केलं तर रेघेला अर्थ नाही. जागा फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने पुसायची, कारण तेलकट जागेवरचं नेलपेंट पापुद्र्यासारखं सुटतं. रेघ दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ती बोल्टच्या डोक्यावरून सुरू होऊन शेजारच्या न हलणाऱ्या भागावर सलग गेली पाहिजे. नुसता बोल्टवर ठिपका दिला तर काहीच कळत नाही. बोल्ट पुन्हा आवळला की जुनी रेघ रिमूव्हरने पूर्ण काढायची. एकदा मिस्त्रीने मागचं चाक काढून बसवलं आणि धाकट्याला तुटलेली रेघ दिसली. नट ढिला झाला असं वाटून त्याने तो आणखी आवळला. नट व्यवस्थितच होता, रेघ जुनी होती. तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारल्याची तारीख लिहायची पद्धत सुरू झाली.

## क्रँक : रेघ जागेवर, तरी आवाज

डावा बोल्ट आबांनी १४ मिलिमीटरच्या बॉक्स पान्याने स्वतः आवळला, लाल रेघ ओढली, तारीख लिहिली. सगळ्यांची अपेक्षा होती की आठवड्याभरात रेघ तुटेल आणि ‘बोल्ट सुटतो’ हे सिद्ध होईल. बोल्ट सुटत असेल तर उपायही ठरलेला होता: आटे साफ करून लॉकिंगचं द्रव, म्हणजे आटे धरून ठेवणारं चिकट द्रव, लावायचं.

पंधरवड्याच्या आत आवाज परत आला. धाकटा बॅटरी घेऊन खाली बसला आणि ओरडला, “आबा, रेघ हाय तशीच हाय!” रेघ केसभरही सरकली नव्हती. बोल्ट आपल्या जागी, आणि क्रँक मात्र हलतोय.

इथे घरात दोन मतं झाली. मुलाचं म्हणणं, आवळणं कमी पडलं असेल, अजून जोर लावू. आबांचं म्हणणं, बोल्ट फिरलेलाच नाही तर तो सुटला असं कसं म्हणायचं. दुखणं दुसरीकडे आहे.

आधी साधी चाचणी केली. एका हातात डावा क्रँक, दुसऱ्या हातात उजवा, दोन्ही धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवायचे. दोन्ही एकत्र हलले तर आतल्या एक्सलच्या छर्‍यांमध्ये किंवा कपमध्ये ढिलाई आहे. एकच हलला आणि दुसरा स्थिर राहिला तर तो क्रँक एक्सलवर नीट बसलेला नाही. इथे फक्त डावा हलला.

मग मिस्त्रीकडे जाऊन क्रँक पुलरने डावा क्रँक काढून घेतला. हे हत्यार घरात नव्हतं, आणि ठोकून क्रँक काढायचा मोह आबांनी टाळला. आत पाहिल्यावर सगळं उलगडलं. अशा एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं असतं. क्रँकमधलं भोकही तसंच. बोल्ट आवळला की क्रँक पाचरीसारखा वर चढून घट्ट बसतो. आधीच्या मालकाने सैल क्रँक तसाच चालवला असावा. एक्सल पोलादाची, क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा. सैल चालवलं की कडक पोलाद मऊ अ‍ॅल्युमिनियमला खातं. भोकाच्या चार कोपऱ्यांपैकी दोन गोल झाले होते आणि आतल्या बाजूंवर चकचकीत घासल्याचे पट्टे होते. असं भोक एकदा झालं की कितीही आवळा, थोडे दिवस धरतं आणि परत सैल होतं. एक्सलचे कोपरे मात्र शाबूत होते.

लॉकिंगचं द्रव लावलं असतं तर पैसे वाया गेले असते. आणखी जोर लावला असता तर भोक अजून रुंदावलं असतं. नुसता डावा क्रँक बदलला. घेताना दोन गोष्टी पाहिल्या: क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेली लांबी, इथे १७० मिलिमीटर, ती उजव्याएवढी असली पाहिजे, आणि चौकोनी भोकाचं माप एक्सलशी जुळलं पाहिजे. मिस्त्रीने एक्सलवर ठेवून पाहिल्याशिवाय घेतला नाही.

पायडल नव्या क्रँकवर लावताना आणखी एक खूण झाली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की आवळतं. पायडल मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून अशी रचना. धाकट्याने नेहमीच्या दिशेने फिरवायला सुरुवात केली होती. नव्या क्रँकचे आटे जायला तेवढं पुरेसं होतं. आबांनी त्याला थांबवलं आणि डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला नेलपेंटने दिशेचा छोटा बाण काढून दिला.

## पंक्चर : एका वीतेवर दोन पॅच

या भागात मला सगळ्यात जास्त रस होता, कारण इथे खूण करण्याआधीच पुरावा हातात होता आणि कुणी तो वाचला नव्हता.

थोरलीने पंक्चर झालेली ट्यूब बाहेर काढली. तिच्यावर आधीचे दोन पॅच होते. वॉल्व्हच्या एका बाजूला साधारण एक वीत आणि दोन बोटं अंतरावर एक, आणि वॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर दुसरा. दोन्ही टायरच्या बाजूला, रिमच्या बाजूला नव्हेत. तिने वीत लावून दाखवलं, “आबा, दोन्हीकडं सारखंच कसं काय?”

पंक्चर काढताना टायर सहसा पूर्ण उतरवत नाहीत. एक कड उचलून ट्यूब ओढून घेतात, त्यामुळे टायर रिमवर आहे तिथेच राहतो. ट्यूब परत बसवताना मात्र तिची चेनकडची बाजू कधी इकडे तर कधी तिकडे होते. टायरमध्ये एकाच जागी काहीतरी रुतलेलं असेल आणि ट्यूब एकदा सुलटी, एकदा उलटी बसली असेल, तर भोकं वॉल्व्हच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर पडणार. म्हणजे पंक्चर तीन दिसत होती, चोर एकच होता.

आता पुढचं काम सोपं. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले ती जागा कोरडी केली आणि चंदेरी मार्करने फुली मारली. फुलीचे चारही हात बोटभर लांब ठेवले. पॅच लावण्याआधी काचपेपरने घासताना मधली खूण पुसली जाते. लांब हात शिल्लक असले की मधोमध कुठे होतं ते पुन्हा कळतं. पाण्यात ओली असताना खडूची किंवा मार्करची खूण धरत नाही, आधी कोरडं करायलाच हवं.

मग ट्यूब टायरवर वॉल्व्हला वॉल्व्ह लावून ठेवली, एकदा सुलटी, एकदा उलटी. शोधायच्या जागा दोनच उरल्या. आतून बोट फिरवलं तर काही लागेना. सुनेने कापसाचा बोळा दिला. तो टायरच्या आतून हलके ओढत नेला आणि एका जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. तिथे बाहेरून खडूने खूण केली, टायर वाकवून पाहिला, तर रबराच्या आत केसाएवढी बारीक पोलादी तार रुतलेली. लेथवर निघणाऱ्या किसाचा तुकडा. माणूस बसल्याशिवाय तिचं टोक आत येत नसे, म्हणून हात फिरवून सापडत नव्हती. बारीक पकडीने बाहेरून ओढली.

थोरली क्लासला जाताना उद्यमनगरातल्या आतल्या रस्त्याने जायची. तिथे वर्कशॉपसमोर असा कीस पडलेला असतो हे आबांनी क्षणात ओळखलं. रस्ता बदलायचा का, यावर तिने स्वतः ठरवलं: वळसा पडला तरी मोठ्या रस्त्याने जायचं.

ट्यूब परत घालताना दोन कायमच्या खुणा केल्या. वॉल्व्हजवळ टायरच्या बाजूला नेलपेंटचा ठिपका, आणि ट्यूबवर वॉल्व्हशेजारी चेनच्या बाजूकडे टोक असलेला बाण. पुढच्या पंक्चरला टायरमधली एकच जागा शोधावी लागेल. नव्या टायरवर कंपनीचं नाव असतं, ते वॉल्व्हसमोर आणून बसवलं तरी ठिपक्याचं काम होतं. या टायरवरचं नाव झिजून गेलं होतं.

भोकाची बाजूही बोलते. टायरच्या बाजूला भोक म्हणजे बाहेरून काही शिरलं. रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक किंवा सरकलेली रिमपट्टी बघायची. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली आहे. तिथे काटा शोधत बसू नये.

## सीट आणि चाकाचा आउट

सीटसाठी आधी टेपची दोन कडी लावली, ताईची लाल, धाकट्याची निळी. निळं टिकलं. लाल कडं मात्र, धाकट्यासाठी सीट खाली केली की नळीत जायचं; तिथे टेपचा गोळा झाला आणि नळी अडकू लागली. टेप फक्त सगळ्यात खालच्या उंचीला चालतो, कारण तो कधीच आत जात नाही. ताईसाठी टेप काढून मार्करची बारीक रेघ मारली. ती घासून फिकट होते, म्हणून सीटची उंची स्टीलपट्टीने मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. कंपनीच्या कोरलेल्या ‘याच्यावर नको’ रेघेवर पांढरं नेलपेंट भरलं. आता ती बाहेर आली की लांबूनही दिसते.

उंची ठरवताना टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं, पाय सरळ झाला की ती उंची. चवड्याने पायडल मारताना गुडघा मग आपसूक थोडा वाकलेला राहतो.

लेडीज सायकलीच्या मागच्या चाकाचा किंचित आउट होता, म्हणजे फिरताना रिम एका बाजूला जायची. तो खडूने काढला. खडू फ्रेमला टेकवून धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. रिम जिथे बाहेर येते तिथेच खडू लागतो. त्या जागेच्या स्पोकला टेपची छोटी झेंडी बांधली आणि निपल (स्पोक आवळायचा रिमवरचा छोटा नट) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवलं नाही. खडू उजवीकडे लागला तर डाव्या बाजूचे स्पोक आवळायचे. रिमवर ब्रेकचे रबर घासतात ती जागा शेवटी कोरड्या फडक्याने स्वच्छ केली. स्पोक तुटला असता तर हे घरी केलं नसतं.

## निष्पत्ती

नव्या क्रँकनंतर तो आवाज गेला आणि डाव्या बोल्टची रेघ पुढच्या तपासण्यांत जागेवर होती. लेडीज सायकल पुढे एकदा पंक्चर झाली, फुलेवाडीच्या बाजूला बाभळीचा काटा लागला. ठिपका आणि बाण असल्यामुळे थोरलीने तो एकटीने शोधून काढला.

सगळंच सुटलं नाही. पुढच्या ब्रेकचा आवाज अजून आहे. चाकांच्या नटांवरच्या रेघा फारशा उपयोगी ठरल्या नाहीत, कारण चाक निघालं की त्या तुटतात आणि पुन्हा मारायचं राहून जातं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर तेलकट जागांवरचं नेलपेंट सुटलं आणि रेघा नव्याने माराव्या लागल्या. चेन मात्र या निमित्ताने मोजली गेली. १२ इंचात चेनच्या कड्यांच्या १२ जोड्या बसायला हव्यात. पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १२ १/८ इंच भरलं की चेन झिजली. गिअरच्या सायकलीची १२ १/१६ भरली. आणखी ताणली तर ती फ्रीव्हीलचे (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीचे) दातेही खाते, म्हणून या वर्षी बदलायची असं ठरलंय.

## काय वेगळं करता आलं असतं

वापरलेली सायकल घरात आली त्याच दिवशी दोन्ही क्रँक धरून हलवून पाहायला हवे होते. तेव्हाच सैलपणा सापडला असता तर विकणाऱ्याशी बोलता आलं असतं.

क्रँक पहिल्यांदा परत सैल झाला तेव्हाच तो काढून आत बघायला हवा होता. एकदा आवळणं ठीक. दुसऱ्यांदा तोच क्रँक आला तर आवळू नये, काढावा. मधल्या प्रत्येक खेपेने भोक थोडं थोडं वाढलं.

मिस्त्रीला खुणांबद्दल सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. नंतर सांगितल्यावर तो स्वतःच सायकल देताना “हा बोल्ट आवळलाय, रेघ नवी मारा” असं म्हणू लागला, आणि जुन्या रेघेचा घोळ थांबला.

रेघेची मर्यादाही घरात सगळ्यांना नीट समजायला वेळ लागला. रेघ सलग आहे म्हणजे बोल्ट फिरलेला नाही, एवढंच. तो मुळात पुरेसा आवळला होता का, क्रँकला आतून तडा आहे का, भोक झिजलंय का, हे रेघ सांगत नाही. म्हणून रविवारी रेघा बघताना दोन्ही क्रँक हलवून बघायचे, हे आता तपासणीतच आहे.

आबांच्या काळ्या सायकलीवर याच कारणाने रेघ मारलेली नाही. कॉटर पिन ही पाचर आहे, ती ठोकून बसते. तिच्यावरचा नट तिला फक्त धरून ठेवतो. पाचर झिजून क्रँक सैल झाला तरी नट तसाच घट्ट राहू शकतो आणि रेघ सलग दिसेल. धाकट्याने तिथेही मारू का म्हणून विचारलं तेव्हा आबा म्हणाले, “तिथं नगो. तिथं हात लावूनच बघायचं.”